श्वास सोडा म्हणेपर्यंत

माणसाचा श्वास देवाने दिलेला असतो आणि वेळ झाली की देवच तो परत घेतो. मधल्या काळात तो कधी घ्यायचा, किती वेळ रोखायचा आणि कधी सोडायचा हे मात्र रुग्णालयाच्या तळमजल्यावर, सात नंबरच्या खोलीत ठरत असे. सकाळी साडेआठ ते दुपारी साडेचार, जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी वगळून. ठरवणारा माणूस चोपन्न वर्षांचा होता, डोक्यावर विरळ आणि पोटाशी भरीव. सगळे त्याला एक्सरेवाले म्हणत. रुग्णालयात म्हणत ते ठीकच होतं, पण चर्चमध्येही म्हणत, आणि एकदा सख्ख्या मेव्हण्याने घरी फोन करून "एक्सरेवाले आहेत का?" असं विचारलं होतं. अठ्ठावीस वर्षं तो तेच बोलत आला होता. श्वास घ्या, रोखा, सोडा. एवढ्या भांडवलावर त्याने संसार केला, मुलीला शिकवलं, तिला दूरच्या गावी नांदायला पाठवलं. माणसांच्या छातीच्या आत काय आहे ते त्याच्याइतकं कोणी पाहिलं नसेल. पण त्यांचे चेहरे त्याला आठवत नसत, कारण छातीचा एक्सरे काढताना माणूस पाठमोरा असतो.

त्या मंगळवारी एक निवृत्त मास्तर आले होते. वाळकी शरीरयष्टी, सदरा काढून व्यवस्थित घडी करून खुर्चीवर ठेवलेला. त्याने त्यांना प्लेटसमोर उभं केलं, हनुवटी वर टेकवली, हात कमरेवर, खांदे पुढे, आणि शिशाच्या काचेमागे जाऊन म्हणाला, श्वास घ्या, रोखा. बटण दाबलं. एक्सरे निघायला डोळ्याची पापणी लवायचा वेळही लागत नाही, हे लोकांना माहीत नसतं. तेवढ्यात फोन वाजला. वरच्या कार्यालयातला कारकून विचारत होता की मार्चमधली तुमची दोन दिवसांची रजा आजारपणाची धरायची की किरकोळ. यावर बोलण्यासारखं बरंच होतं. आजारपणाची धरली तर दाखला हवा होता, किरकोळ धरली तर ती शिल्लकच नव्हती. दोघांनी मिळून शेवटी ती अर्धी-अर्धी करायची ठरवली. फोन ठेवून तो काचेशी आला तेव्हा मास्तर अजून प्लेटला चिकटलेले होते. मान जांभळी पडली होती. तो तोंड उघडणार इतक्यात ओला टॉवेल दोरीवरून घसरावा तसे मास्तर खाली घसरले.

फार काही झालं नाही. पाणी मारलं, चहा पाजला, डॉक्टरांनी नाडी पाहिली, एक अर्ज भरावा लागला. शुद्धीवर आल्यावर मास्तरांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे माफी मागितली. म्हणाले, "शेवटपर्यंत जमलं नाही हो." तो म्हणाला, "अहो मास्तर, पण सोडायचा ना श्वास." मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत तक्रार नव्हती. घंटा न झाल्यामुळे पेपर लिहीत बसलेल्या मुलाच्या डोळ्यांत असतं तसं काहीतरी होतं. "तुम्ही म्हणाला नव्हतात," मास्तर म्हणाले. एक्सरे अगदी स्वच्छ आला होता. एवढी स्थिर छाती बऱ्याच दिवसांत कोणी दिली नव्हती.

घरी जाताना बसमध्ये त्याला बसायला जागा मिळाली तरी तो उभाच राहिला. तुम्ही म्हणाला नव्हतात. एखादा माणूस केवळ आपण म्हणालो नाही म्हणून मरायला तयार होतो, हे काही बरं नाही. आपलं एवढं कोणी ऐकत असेल अशी त्याला कल्पना नव्हती. घरी तर पंखा बंद कर म्हटलं तरी दोनदा म्हणावं लागे. आणि मग ओळखीचं काहीतरी आतून वर यावं तशी त्याला वडिलांची संध्याकाळची प्रार्थना आठवली. वडील डाकघरात पत्रांची वर्गवारी करत, आणि प्रार्थनाही तशीच करत: आधी आजारी, मग प्रवासी, मग विधवा, मग सरकारी अधिकारी, प्रत्येकाला आपापल्या खणात टाकून. तो आणि थोरला भाऊ डोळे मिटून श्वास रोखण्याची पैज लावत. भाऊ नेहमी जिंके, कारण तो नाकाने चोरून घेई. एका संध्याकाळी, तो आठ वर्षांचा असेल, त्याने मनाशी ठरवलं की आज आमेनपर्यंत रोखायचा. रोखला तर देव दिसेल. असं कोणी सांगितलं नव्हतं, त्याने स्वतःच देवाशी परस्पर ठरवून टाकलं होतं. विधवांपर्यंत तो पोचला. डोळ्यांपुढे पिवळे ठिपके नाचायला लागले, त्यांत कोणी दिसतंय का ते तो पाहत होता, आणि मग तो आईच्या अंगावर कोसळला. वडिलांनी डोळे न उघडता त्याचंही नाव आजाऱ्यांत घातलं आणि प्रार्थना तेवढी लांबली. देवाशी त्याचा एवढाच काय तो थेट व्यवहार. पुढे चर्चमध्ये दृढीकरणाचा विधी झाला तेव्हा पाळकांनी डोक्यावर हात ठेवला, आजूबाजूची मुलंमुली रडली, त्याला फक्त नवी कॉलर गळ्याला काचत होती. लग्न चर्चमध्ये झालं, मुलीचा बाप्तिस्मा झाला, आईवडिलांना माती दिली. चर्चच्या कमिटीत तो एकोणीस वर्षं होता. खुर्च्या त्याच्याकडे होत्या. दर रविवारी दीडशे खुर्च्या मांडणं आणि उचलणं यांच्या मधल्या वेळात देव येऊन जात असावा, पण त्याची गाठ पडली नव्हती. देवाबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. ओळखच नाही तर तक्रार कसली.

मास्तर पडले त्या आठवड्यातच त्याला ते स्वप्न पडलं. पहाटेचं. स्वप्नात तो सात नंबरच्याच खोलीत होता, पण काचेच्या पुढे, रुग्णाच्या जागी. सदरा काढलेला, हनुवटी थंड प्लेटवर. पाठीमागून आवाज आला, श्वास घ्या. त्याने घेतला. रोखा. त्याने रोखला. आणि मग काहीच नाही. फोनही वाजला नाही. काचेमागे कोणीतरी आहे हे त्याच्या पाठीला कळत होतं, जसं अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर आत कोणी बसलेलं असेल तर कळतं. वळून पाहायची सोय नव्हती. वळलं तर एक्सरे हलतो. छाती भरून आली, मग जड झाली, मग प्लेट आणि छाती यांच्यातला फरक जाऊ लागला. मरतोय असं वाटलं. ओरडायला श्वास सोडावा लागला असता, आणि तो सोडायची परवानगी नव्हती. आणि अगदी टोकाला, आता संपलंच म्हणताना, डाव्या बाजूला शेवटच्या बरगड्यांखाली कोणीतरी स्पर्श केला. हळुवार बिळुवार नाही. चांगला जोरकस, ओळखीच्या माणसाने गर्दीत ढोसावं तसा. आणि श्वास सुटला. त्याच्या अख्ख्या आयुष्यात इतकी हवा कधी त्याच्या आत शिरली नव्हती. तो जागा झाला तेव्हा खिडकीचा पडदा कडेने उजळला होता, शेजारी बायको पाठ करून झोपली होती, आणि त्याच्या कानांत पाणी गेलं होतं. डोळ्यांतलं. उताणं झोपून रडलं की ते कानांत जातं, हे त्याला चोपन्नाव्या वर्षी कळलं.

पुन्हा दोन दिवसांनी तेच. मग जवळजवळ रोज. स्वप्नात कधी काही बदललं नाही. पण तो स्वतः हळूहळू बदलत गेला. पहिल्या वेळी तो नुसता घाबरला होता. पाचव्या-सहाव्या वेळी त्याच्या लक्षात आलं की आपण त्या स्पर्शाची वाट पाहतोय. आणि मग एका पहाटे, छाती फुटायला आलेली असताना, त्याला आतून एकदम निवांत वाटलं. येईल. नाही आला तरी, ज्याने रोखायला सांगितलंय तो तिथे आहे. हे असं काही त्याच्या डोक्यात येणं हीच मोठी गोष्ट होती. तो जमिनीवरचा माणूस होता. कामावर त्याला ते स्वप्न दिवसभर अंगावर घातल्यासारखं जाणवे. काचेमागे उभा राहून लोकांच्या पाठी पाहताना त्याला वाटे की अठ्ठावीस वर्षं आपण या काचेमागे लपलो होतो. फक्त किरणांपासून नाही. समोर एकेक माणूस उघडा होऊन, थंड प्लेटला छाती लावून, आपल्या एका शब्दासाठी थांबायचा आणि आपण त्या वेळी रजेचा विचार करायचो. बायको दुपारी जेवली असेल का, मुलगी फोनवर "मी मजेत आहे" म्हणते ती खरंच मजेत आहे का, थोरल्या भावाशी आपण चौदा वर्षं का बोललो नाही. या सगळ्यांनाही आपण रोखा म्हणून ठेवलं आणि सोडा म्हणायचं राहून गेलं. आता तो "सोडा" असं म्हणे तेव्हा आवाज आपोआप खाली येई. लोक चमकून मागे बघत. एका बाईंनी बाहेर जाऊन नर्सला विचारलं की माझ्या छातीत काही वाईट दिसलं का, ते एवढ्या मायेने का बोलले.

बायकोला त्याने सांगितलं नाही. तिला काही सांगायचं म्हणजे समोर ती जागी असायला हवी होती. ती शाळेत चौथीला गणित शिकवायची, आणि गेलं वर्ष-दीड वर्ष तिचं काहीतरी बिनसलं होतं. जेवताना घास हातात धरून पेंगायची. बसमध्ये झोपून शेवटच्या थांब्यावर जाऊन यायची. मुख्याध्यापक बाईंनी तिला बोलावून, वर्गात मुलं पाढे म्हणत असताना आपण डोळे मिटून बसता असं पालकांचं म्हणणं आहे, असं अत्यंत सभ्य भाषेत सांगितलं होतं. वयाचं असेल, असं त्याने ठरवून टाकलं होतं; वयाचं असलं की कोणाला काही करावं लागत नाही. तिच्यासमोर त्या पहाटेच्या गोष्टी काढायचा त्याला संकोचही वाटे. तीस वर्षं एका पलंगावर झोपून अचानक एका सकाळी चहा पिताना मला देव भेटला असं म्हणणं हे जरा शेजारच्या बाईचं नाव काढण्यासारखंच होतं.

म्हणून तो पाळकसाहेबांकडे गेला. पाळकसाहेब कार्यालयात पंख्याखाली बसून पुढच्या महिन्याच्या पत्रकाच्या घड्या घालत होते. चाळिशीचा, भला, दमलेला माणूस. लोक त्यांच्याकडे येत ते लग्नाची तारीख, शाळेतला प्रवेश आणि शेजाऱ्याच्या गाडीची जागा या विषयांवर. कोणी देवाबद्दल बोलायला आलंय हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी घड्या बाजूला सारल्या, खुर्ची पुढे ओढली, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. हात कुठे लागला, नक्की कुठे, हे त्यांनी दोनदा विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि त्यात थोडा हेवाही होता, हे त्याला दिसलं. माणसांच्या आतलं बघायची सवय होती. म्हणाले, "एक्सरेवाले, मी बावीस वर्षं प्रार्थना करतोय. मला कोणी बोटसुद्धा लावलेलं नाही."

चर्चमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी एक वर्ग चाले. त्यात आत्म्याची देवाकडे होणारी वाटचाल शिकवत, आणि भिंतीवर तिचा तक्ता लावलेला होता: शुद्धी, प्रकाश, ऐक्य, अशा तीन पायऱ्या, प्रत्येकीवर वर्गातल्या एकेका माणसाची रंगीत टाचणी. पाळकसाहेबांनी त्याला तिथे बोलायला लावलं. अकरा माणसं होती. त्याने आपलं स्वप्न सांगितलं. मग सगळे एकदम बोलू लागले. शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या की प्लेट म्हणजे आपलं कठोर अंतःकरण. बँकेतून निवृत्त झालेले साहेब म्हणाले की श्वास म्हणजे अहंकार. पाळकसाहेब म्हणाले की डावी बाजू हृदयाची. तो म्हणाला की हृदय तिथून बरंच वर असतं, पण ते कोणी मनावर घेतलं नाही. एका शुक्रवारात त्याची टाचणी दुसऱ्या पायरीवर गेली. बँकेचे साहेब तीन वर्षं पहिलीवर होते. ते जाताना त्याच्याशी बोलले नाहीत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी भर उपासनेत त्याने साक्ष द्यायची, म्हणजे सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगायचा, असं ठरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी खुर्च्या दुसरा कोणीतरी मांडणार होता.

साक्ष द्यायची म्हणजे बायकोला आधी सांगायला हवं. चारचौघांत तिला कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं, एवढा व्यवहार त्याला समजत होता. आदल्या आठवड्याच्या शनिवारी दुपारी ती वह्या तपासत बसली होती तेव्हा त्याने सांगून टाकलं. तिचं तपासणं थांबलं. लाल पेन तसंच हातात. तो बरगड्यांवर हात ठेवून म्हणाला, "इथे. अगदी इथे लागतो." तिने त्याच्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे, मग पेनाला टोपण लावलं. त्याला वाटलं, आता ती हसेल, किंवा रडेल. ती म्हणाली, "अहो, तुम्ही आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा."

दाखवायला काही लांब जायचं नव्हतं. छातीचे डॉक्टर पहिल्या मजल्यावरच बसत आणि त्याच्याच एक्सऱ्यांवर त्यांचं चालत असे. त्यांनी त्याला एक रात्र अंगभर तारा लावून झोपवलं आणि दुसऱ्या दिवशी कागदाची लांबलचक पट्टी समोर धरली. झोपेत त्याचा गळा आतून बंद होत होता. तासातून अठ्ठावीसदा श्वास थांबत होता. सगळ्यांत मोठा खंड बावन्न सेकंदांचा. डॉक्टर सरळ माणूस होते. म्हणाले, तुम्ही झोपता असं तुम्हाला वाटतं, पण तुमचं शरीर रात्रभर बुडत असतं आणि वर येत असतं. त्यांनी विचारलं, गुदमरल्यासारखी स्वप्नं पडतात का? तो नाही म्हणाला. का नाही म्हणाला ते त्याला तेव्हा कळलं नाही. बहुधा कागदाच्या त्या पट्टीवर ते स्वप्न कुठेतरी एक चढउतार होऊन बसलं असतं, आणि ते त्याला बघवलं नसतं. डॉक्टरांनी एक यंत्र लिहून दिलं. नाकातोंडावर मास्क, त्याला नळी, नळीतून रात्रभर हवा. नाही वापरलं तर, असं त्याने सहज विचारावं तसं विचारलं. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं काही होत नाही. मग एक दिवस माणूस वर येत नाही.

ते यंत्र खोक्यासकट कपाटावर गेलं. ते खाली काढायचं म्हणजे काय हे त्याला नीट समजलं होतं. गळा बंद झाला नाही तर श्वास अडणार नाही. श्वास अडला नाही तर तो प्लेटसमोर उभा राहणार नाही, कोणी रोखा म्हणणार नाही, आणि तो हात लागणार नाही. चोपन्न वर्षांनी एकदा कोणीतरी आपण आहोत हे ओळखलं होतं, ढोसून, नाव न घेता. आणि आता नळी लावून ते बंद करायचं. लोक देवासाठी खांबाला बांधून घेत, सिंहांपुढे जात. त्याला फक्त मास्क न लावता झोपायचं होतं. त्याच्या मानाने किती स्वस्तातलं. तो दिवसाही दमलेला असे, जिने चढताना मध्ये थांबे, एक्सऱ्याच्या चिठ्ठ्या वाचताना ओळी एकमेकींवर चढत. पण हा शीण त्याला आवडायला लागला होता, दूर चालून आल्यावरचा असतो तसा. त्याने पाळकसाहेबांना विचारलं. ते अडचणीत आले. देव यंत्रातूनही काम करतो, डॉक्टरही त्याचेच, असं ते म्हणाले, आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाले की अर्थात, रविवारपर्यंत चारच दिवस आहेत. साक्ष झाल्यावर पाहू.

बायकोने मात्र यंत्राचं नाव पुन्हा काढलं नाही. रोज सकाळी कपाटावरच्या खोक्याकडे एकदा बघायची आणि डबा भरायला घ्यायची. तिला काय वाटतं ते त्याने विचारलं नाही. विचारलं तर ती सांगेल अशी भीती होती.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला रांग संपत आली होती. दारातून चिठ्ठी आत आली, तिच्यावरचं आडनाव त्याचंच होतं. मागोमाग बायको आली, शाळेतून परस्पर, खांद्याला पर्स, उजवा हात पोटाशी धरलेला. उजवं कोपर, असं चिठ्ठीवर लिहिलं होतं. हाडांच्या डॉक्टरांची सही होती. त्याने विचारलं, मला बोलली नाहीस? ती म्हणाली, फळ्यावर लिहिता येईना तेव्हा आले. त्याने तिला खुर्चीवर बसवलं, बांगडी काढायला सांगितली, हात प्लेटवर ठेवला. कोपर बाहेरच्या बाजूने सुजलं होतं, टोकाला कातडी जाड आणि काळसर झाली होती, गुडघे टेकून फरशी पुसणाऱ्यांच्या गुडघ्यांना होते तशी. तीस वर्षांत हे कोपर त्याने एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. चिठ्ठीच्या खाली तीन रकाने असत आणि ते त्यालाच भरावे लागत. सवयीने तो विचारत गेला.

"मार लागला?"

"नाही."

"पडलीस बिडलीस?"

"नाही."

"एकच हालचाल वारंवार होते का?"

"होते."

"कसली?"

ती प्लेटवरच्या स्वतःच्या हाताकडे बघत होती. म्हणाली, "तुमचा श्वास थांबला की मी मोजते. तीसपर्यंत. मग कोपर मारते. तुम्ही एक मोठा श्वास घेता आणि परत घोरायला लागता. मग परत थांबता."

"कधीपासून?"

"परवाच्या दिवाळीच्या, नाही, त्याच्याही आधी. ताईचं लग्न झालं त्या महिन्यापासून. दोन वर्षं होतील." ती घरात मुलीला ताईच म्हणे. "पहिल्यांदा हाताने हलवायचे. तुम्ही उठायचेच नाही. मग कोपर बरं पडलं. अलीकडे दुखतं म्हणून चाळीसपर्यंत मोजते."

"मग सांगितलं का नाहीस? मी तुला सांगितलं तेव्हा तरी?"

"तुम्ही इतके खूश होता," ती म्हणाली. "किती वर्षांनी."

तो काचेमागे गेला. तिथे जाण्याखेरीज त्याला दुसरं काही सुचलं नाही. पहिल्यांदा राग आला, हे कबूल करायला हवं. फसवल्याचा राग, खिशातून काहीतरी काढून घेतल्याचा. एवढी मोठी गोष्ट, आणि तिचं कोपर. पाळकसाहेबांचा हेवा, तक्त्यावरची टाचणी, कानांतलं पाणी, सगळं कोपर. मग राग उतरला आणि त्याच्या जागी काही आलं नाही; नुसतं रिकामं, दिवसभर माणसं येऊन गेल्यावर खोली असते तसं. त्या रिकाम्यात त्याला ती दिसायला लागली. रात्री ती कशी दिसते हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. तो त्या वेळी देवाकडे निघालेला असे. पहाटे, छताकडे बघत, ओठ हलवत, एकोणतीस, तीस. मग ढोस. मग पुन्हा एक, दोन. दुसऱ्या दिवशी चौथीचे पाढे. देव बायकोच्या कोपरातूनही स्पर्श करतो, असं एक वाक्य त्याच्या मनात आलं. वाक्य बरं होतं. पाळकसाहेबांच्या उपदेशात अगदी शोभून दिसलं असतं, म्हणून त्याने ते सोडून दिलं. त्यात तिच्या दोन वर्षांच्या झोपेची कुठे नोंद नव्हती. त्या स्वप्नात काचेमागे कोण उभं होतं, हा प्रश्न उरलाच होता. पण आत्ता काचेमागे तो स्वतः उभा होता आणि समोर ती हात प्लेटवर ठेवून थांबली होती, अजिबात न हलता, डोळे मिटून. तिने डोळे मिटले की ती झोपायच्या बेतात असते हे त्याला माहीत होतं. त्याने बटण दाबलं.

हाड ठीक होतं. हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हाताला तीन आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली. मुख्य म्हणजे कोपराने काही ढकलायचं नाही. चिठ्ठीच्या शेवटच्या रकान्यात काय लिहावं यावर तो अडला होता. शेवटी ‘घरकाम’ असं लिहिलं.

घरी जाताना दोघं बसमध्ये शेजारी बसली. ती दुसऱ्याच थांब्याला त्याच्या खांद्यावर झोपली. त्याला वाटलं, विचारावं, की मोजताना कंटाळा येत नव्हता का. एखाद्या दिवशी मोजायचं सोडून द्यावं, झोपावं, होईल ते होईल असं वाटलं नाही का. वाटलंच असणार. तिच्या जागी तो असता तर त्याला वाटलं असतं, आणि बहुधा तो झोपलाही असता. हा शोध काही कोणत्या पायरीवर बसणारा नव्हता. शनिवारी त्याने स्टुलावर चढून खोकं खाली काढलं. माहितीपत्रक सोळा भाषांत होतं, त्यातल्या कुठल्याच भाषेत नळी कुठून घालायची ते कळत नव्हतं. डाव्या हाताने तिने ती बसवून दिली. मास्क घालून तो आरशात पाहून आला. म्हणाला, हत्ती दिसतोय. ती म्हणाली, आधीही फार वेगळे दिसत नव्हतात. दिवा मालवताना त्याला एकदा वाटलं, आजची एकच रात्र थांबावं, उद्याची साक्ष तरी होऊ द्यावी, निरोप घेतल्यासारखं शेवटचं एकदा त्या प्लेटसमोर उभं राहावं. त्याने शेजारी पाहिलं. ती उजवा हात उशीवर ठेवून उताणी पडली होती आणि ओठ बंद होते. तिने मोजायला सुरुवात केली नव्हती, पण कान त्याच्याकडे होते. त्याने यंत्राचं बटण दाबलं. हवा आत शिरली, पहिल्यांदा परक्यासारखी, मग हवेसारखी.

स्वप्न पडलं नाही. काहीच पडलं नाही. उपासना साडेनऊची होती. दोघांना जाग आली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.